मनावर घेऊ नका

४ फेब्रुवारी

घुम्यास,
ताईचा आशीर्वाद. सोबत दोन धपाटे, ते भेटल्यावर.

मला पत्र लिहायला लावलंस. मला! चौथीत शाळा सुटली तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. तीन कागद फाडले, हा चौथा. काय तर म्हणे, फोनवर ताईचा आवाज ऐकला की माझ्या रक्तदाबाच्या यंत्रात आकडा चढतो. अरे, माझा आवाज जन्मापासून असाच आहे. लहानपणी याच आवाजाने तुला शेजारच्या कुत्र्यापासून सोडवलं होतं. तेव्हा नाही चढला आकडा!

आता मुद्द्याचं. दुकानात गिऱ्हाइकाची दाढी करता करता तुझ्या छातीत कळ आली. तुला उचलून दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या, तारा लावल्या. निघालं काय? हृदय ठणठणीत. पोटातला वारा वर चढला होता. वारा! दुसरा कोणी असता तर नाचत घरी आला असता. तू आलास तो खुर्चीत बसलास, आणि दोन महिने होत आले तरी उठायचं नाव नाही. तुझी बायको सांगते, सकाळी यंत्र, दुपारी यंत्र, झोपताना यंत्र. दंडाला पट्टा बांधून बसलेला असतोस, जसं काही कोणी खुंटीला बांधून गेलंय.

गाळ्याचा मालक काय म्हणाला तेही कळलं मला. मार्चअखेरपर्यंत शटर वर गेलं नाही तर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देणार. बाबांनी त्या गाळ्यात उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या. त्यांच्या आरशासमोर आता कव्हरं लटकणार?

दुकान कधी उघडतोस ते एका ओळीत कळव. बाकीचं पाल्हाळ नको.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताई,
नमस्कार.

पत्र पोचलं. वाचायच्या आधी दाब मोजला आणि वाचल्यावर मोजला. चढला, पण फोनपेक्षा कमी. तेव्हा पत्रच बरं.

तुला वाटतं मी नुसता बसून आहे. तसं नाही, मी आतून बरा होतोय. मोबाइलवर एका सरांचा वर्ग लागतो. सर सांगतात, शरीर आपलं सगळं ऐकत असतं. आपण त्याच्याशी कधी गोड बोललोय का? म्हणून रोज सकाळी आरशासमोर बसून एकेका अवयवाचे आभार मानायचे. हृदया, आभारी आहे. फुप्फुसांनो, आभारी आहे. यकृता, तुझे विशेष आभार. मग डोळे मिटून श्वास सावकाश आत घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. हसू नकोस. बरं वाटतं.

आणि डॉक्टर स्वतः म्हणाले होते, मनावर घेऊ नका. त्या दिवसापासून मी काहीच मनावर घेत नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतो, मी मनावर घेत नाही. गाळ्याचा मालक दारात उभा राहून बोलून गेला, मी मनावर घेतलं नाही. तुझं पत्रही फारसं घेतलेलं नाही. राग मानू नकोस, पण तब्येतीपुढे काही नाही.

दुकानाचं विचारलंस. बघू.

तुझा भाऊ

ता.क. वन्सं, पाकीट डकवायला माझ्याकडे दिलंय म्हणून चोरून लिहितेय. डॉक्टरांचं वाक्य पुरतं असं होतं, "दुखण्याचं मनावर घेऊ नका, चालण्याचं आणि कामाचं मनावर घ्या." पुढचं अर्धं चाललं होतं तेव्हा हे टेबलाखाली वाकून शर्टाचं पडलेलं बटण शोधत होते. मी सांगून थकले. म्हणतात, मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं ते खरं. तुम्हीच काय ते बघा.

१७ फेब्रुवारी

घुम्यास,

यकृताचे विशेष आभार! लाँड्रीतच वाचलं आणि असं हसू फुटलं की इस्त्री कॉलरवर तशीच राहिली. वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाला आता तपकिरी कॉलर आहे. त्यांना काय सांगू, माझ्या भावाच्या यकृतामुळे झालं?

त्या यकृताने तुझं असं काय केलंय रे? तुझ्या बायकोने दवाखान्यात तुझ्या उशाशी स्टुलावर बसून रात्री काढल्या. तुला बेचव उकडलेलं हवं म्हणून तीही तेच गिळते. तिचे आभार मानलेस कधी? उद्या सकाळी आधी तिचे मान. यकृत थांबेल, ते कुठे जातंय!

आणि बटणशोध्या, डॉक्टरांचं अर्धंच वाक्य घेऊन घरी आलास. उरलेलं अर्धं तुझ्या बायकोकडे आहे. ते कोणी मला सांगितलं हे विचारू नकोस, तिला तर मुळीच विचारू नकोस. कामाचं मनावर घ्या म्हणाला तो माणूस. सगळ्यावर पाणी सोडा असं नाही म्हणाला.

मला सरांचं कळत नाही, कपड्यांचं कळतं. अंगावर वापरलेला कपडा विरायला वर्षं जातात. कपाटात घडी घालून ठेवलेला बघ, वरून नवा दिसतो, उलगडला की नेमका घडीवर फाटतो. तुझी घडी झालीय. उलगड आता.

दाढ्या करायला सांगत नाही. रोज नुसतं दुकानापर्यंत चालत जा. शटर वर कर, बाबांचा आरसा पूस, परत ये. यंत्र घरी ठेव.

माझंच बघ. पंधरा दिवस झाले मान धरलीय, सकाळी उठल्या उठल्या डोक्यात मागच्या बाजूला कोणीतरी खिळा ठोकतंय असं वाटतं. बसते का मी पट्टा बांधून? कामाने होतं, कामानेच जातं.

ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताई,

तू सांगितलंस म्हणून सकाळी चहा घेता घेता बायकोला म्हणालो, "तू माझं एवढं करतेस, तुझा आभारी आहे." तिने कप खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप नाहीये. मग काय होतंय तुम्हाला?" मग आत गेली. बराच वेळ नळ सोडून भांडी घासत होती. भांडी आधीच घासून झालेली होती. दुपारच्या जेवणात मीठ होतं. फार दिवसांनी.

नळाचा वायसर बदलला मी. गळायचा थांबला.

दुकानाचं मात्र जमलं नाही. तीनदा गेलो. पहिल्यांदा बेकरीच्या कोपऱ्यावरून मागे फिरलो. दुसऱ्यांदा शटरपर्यंत पोचलो. तिसऱ्यांदा कुलूप काढलं, शटर गुडघ्यापर्यंत उचललं, आतून साबणाचा आणि तुरटीचा वास आला आणि तसंच खाली टाकलं.

तुला एक सांगतो. फोनवर सांगता आलं नसतं, तू मध्येच बोलली असतीस. मला छातीची भीती नाही. सगळ्यांना वाटतं छातीची आहे, मीही तसंच म्हणतो, कारण ते सोपं आहे. भीती हाताची आहे. कळ आली तेव्हा खुर्चीत हेडमास्तर होते, मान मागे टाकून, डोळे मिटून. माझा वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता. हात असा थरथरला, ताई, की मला तो माझा वाटेना. त्यांना ओरखडासुद्धा आला नाही. ते अर्ध्या दाढीनिशी माझ्यासोबत दवाखान्यात आले, वाटेत मलाच धीर देत होते. पण मी डोळे मिटले की तो गळा दिसतो. वारा काय, पुन्हा कधीही चढेल. चढला तेव्हा वस्तरा कुठे असेल?

माणूस डोळे मिटून माझ्यापुढे गळा धरतो. तो कशाच्या भरवशावर? या हाताच्या.

हे बायकोला माहीत नाही.

तुझा भाऊ

५ मार्च

घुम्या,

पत्र वाचलं. परत वाचलं. ओरडायला काही सापडलं नाही. म्हणून उत्तराला उशीर.

आधी का नाही बोललास? घुम्या नाव उगाच नाही ठेवलं तुला.

हे बघ. बाबांनी तुला वस्तरा कशावर शिकवला? फुग्यावर. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने काढायचा. फुटला की थोबाडावर फेस. महिनाभर आपल्या घरात ठो ठो चाललं होतं. आई म्हणायची, हा न्हावी होतोय की फटाकेवाला? मग एक दिवस आवाज बंद झाला. आठवतंय का तुला, बाबा काय म्हणायचे? "हाताकडे बघू नकोस, फुग्याकडे बघ. हाताकडे बघितलंस की हात थरथरणारच." तू तीन महिने हाताकडे बघत बसलायस रे. हाताकडे, छातीकडे, आकड्याकडे. कोणी इतकं टक लावून बघितलं तर मीसुद्धा थरथरेन.

पाकीटभर फुगे आण. घरातच बस, दार लावून. बायकोला सांग काय करतोयस ते, नाही तर तुझ्या डोक्यावर परिणाम झाला म्हणेल. आणि हाताचंही सांग तिला. तिने स्टुलावर रात्री काढल्यात, एवढं तर ऐकेल.

इकडचं ठीक. परवा जरा गंमत झाली, वकीलसाहेबांचा गठ्ठा नर्सबाईंकडे गेला आणि नर्सबाईंचा त्यांच्याकडे. चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या, कशा काय चुकल्या कोण जाणे. चष्म्याचा नंबर वाढला असेल. काल इस्त्री करता करता डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि खाली बसले थोडा वेळ. टेबलाला धरूनच बसले, पडले वगैरे नाही. उकाडा फार आहे. पाणी प्यायले, उठले, राहिलेला गठ्ठा संपवला.

फुग्यांचं कळव.

ताई

१० मार्च

ताई,

फुगे आणलेत, त्यांचं नंतर. आधी तुझं.

तुझी पत्रं समोर पसरून बसलोय. एकात डोक्यात मागे खिळा, सकाळी उठल्या उठल्या. दुसऱ्यात चिठ्ठ्या चुकल्या. तू! आजवर एक रुमाल इकडचा तिकडे केला नाहीस. शिवाय काजवे, शिवाय खाली बसलीस. आणि शेवटच्या पत्रात तुझ्या ओळी उजवीकडे खाली घसरत गेल्यात. पहिल्या पत्रात सरळ होत्या, रागात असूनही. तीन महिने मी दुसरं काही केलं नसेल, पण दाबाची लक्षणं पाठ केलीत. ती सगळी मी माझ्या अंगात शोधत होतो. ती तुझ्यात आहेत.

आजच्या आज दवाखान्यात जा. उकाडा म्हणे! दाजी गेल्यापासून त्या घरात तू एकटी. इस्त्री चालू ठेवून पडलीस तर कोण बघणार? कपडे?

उलट टपाली कळव. कळवलं नाहीस तर बघ.

भाऊ

१३ मार्च

घुम्यास,

मोठा डॉक्टर लागून गेलास. मला धाकात घेतोस? तुझं नाक मी पुसलंय.

मला काहीही झालेलं नाही. असलं काही मी मनावर घेत नाही. लग्नसराईचे कपडे आलेत, टेबलावर ढीग आहे, दवाखान्यात बाकावर बसायला वेळ कोणाला? मोकळी झाले की जाईन.

येऊ वगैरे नकोस. बेकरीच्या कोपऱ्यावरून मागे फिरणारा माणूस इथवर काय येणार म्हणा.

ताई

२४ मार्च

वहिनीबाई,

हे पत्र तुला. तुझ्या नवऱ्याला दाखवलंस तरी चालेल, तो सगळं पाहूनच उद्या निघतोय.

पंधरा तारखेला दुपारी मी टेबलापाशी होते. दारात कोण उभं? तुझा नवरा. शर्ट घामाने चिकटलेला, केस उभे, काखेत ते यंत्र. बसमध्ये बसायला जागा नव्हती म्हणून सगळी वाट उभ्याने आला म्हणे. मी म्हटलं, "अरे, तू?" तर "बस खाली" म्हणाला. मला! "काय म्हणालास?" मी विचारलं. "बस खाली म्हणालो, आणि बोलू नकोस, बोललं की आकडा चुकतो." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला गप केलं, वहिनीबाई, आणि मी झाले.

आकडा बघून त्याचा चेहरा खळ घातलेल्या कापडासारखा झाला. इस्त्रीचं बटण बंद केलं, रिक्षा आणली.

डॉक्टरीण लहान वयाची होती. तिने माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, परत माझ्याकडे. "इतके दिवस चालत कशा होतात तुम्ही? आणखी थोडे दिवस असंच काढलं असतं तर अर्धं अंग लुळं पडलं असतं." मी म्हटलं, मी मनावर घेतलं नाही. तर ती म्हणते, "मावशी, आता मनावर घ्या." तुझा नवरा तिथे एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरचे लोक डोकावले. मग रडला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

गोळ्या चालू झाल्यात. मीठ कमी, दुपारी आडवं व्हायचं. मला आडवं करून टेबलापाशी तो उभा. इस्त्री येत नाही त्याला. एका पँटला दोन दोन घड्या पाडल्या, लोकांनी तशाच नेल्या.

आता खरं सांगायचं ते. गॅरेजवाले काका कपडे न्यायला आले. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, दाढी ही एवढी वाढलेली. हा बोलता बोलता त्यांच्या गालाकडेच बघत होता, जसं मी लोकांच्या चुरगळलेल्या बाह्यांकडे बघते. मग म्हणाला, "काका, बसा." पिशवीतून वस्तरा काढला. म्हणजे बरोबर घेऊन आला होता, बघ! मी ओला टॉवेल इस्त्रीवर धरून वाफाळता करून दिला, त्याने तो काकांच्या तोंडावर दाबला. काका म्हणाले, आहाहा. मग त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

मी त्याच्या हाताकडे बघत होते. तो बघत नव्हता. तो काकांना विचारत होता, गाडीचा हॉर्न आपोआप वाजतो तो कशाने.

तुला हाताचं त्याने सांगितलंय, तो म्हणाला. बरं झालं. दुकानाचं मी त्याला काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस. नुसती किल्ली समोर दिसेल अशी ठेव.

तुझी नणंद

३० मार्च

ती. ताई,

किल्ली चहाच्या कपाजवळ होती. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही, तीही बोलली नाही.

काल शटर वर केलं. पूर्ण वर. मालक समोरच उभा होता, कव्हरंवाल्याला घेऊन, फीत लावून गाळ्याची लांबी मोजायला आलेला. मी म्हटलं, "मोजा, पण दाराबाहेरून. आत झाडायचं आहे." आरसा पुसत होतो तोवर आरशात मागे एक दाढीवाला बुवा दिसला. गळा झाकणारी दाढी. ओळखलंच नाही. खुर्चीत बसून म्हणाला, "मागच्या वेळची अर्धी राहिलीय."

हेडमास्तर! चार महिने दुसऱ्या कोणाकडे गेले नाहीत. शाळेतली मुलं त्यांना ऋषी म्हणायला लागली होती. मी म्हटलं, सर, भीती नाही वाटत? म्हणाले, "वाटते ना. तू पुन्हा अर्धी ठेवून जाशील याची."

पहिल्या फटक्याला हात थरथरला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. थांबलो, वस्तरा पुसला, मोबाइलवरच्या सरांच्या वर्गातला तो लांब श्वास घेतला. मग हाताकडे बघितलं नाही. आता तो वर्ग एवढाच ठेवलाय. यकृताचे आभार बंद. बायकोचे चालू आहेत, तिला अजून सवय झालेली नाही.

यंत्र तुझ्या टेबलाखालच्या फळीवर राहिलंय. विसरलो नाही, ठेवलंय. परत पाठवू नकोस. रोज सकाळी इस्त्री तापायच्या आत आकडा बघायचा आणि मला सांगायचा.

आता इथे यंत्रच नाही, तेव्हा फोन करायला हरकत नाही. हवं तेवढं ओरड.

तुझा भाऊ

४ एप्रिल

घुम्यास,

फोन करणारच आहे. पण पाकीट एक उरलंय, ते वाया कशाला घालवू.

गोळ्या घेते. दुपारी आडवी होते, लोकांना सांगते लाँड्री बंद आहे, लोक थांबतात. इतकी वर्षं वाटत होतं थांबणार नाहीत. मानेतला खिळा गेला. वकीलसाहेबांच्या शर्टाला नवी कॉलर लावून दिली. इस्त्री तापेपर्यंत तो तुझ्या सरांचा श्वासही घेते. बरा आहे. कोणाला सांगू नकोस, माझं इथे नाव आहे.

पण यकृताचे आभार मी मानणार नाही. तुझे मानते. हे एकदाच लिहून दिलंय, जपून ठेव. फोनवर विचारलंस तर मी नाही म्हणेन.

फोन लावला की कान जरा लांब धर.

ताई